वादळात दुबेळक्यातून फाटलेला कडुनिंब: घराशेजारी ठेवावा की काढावा?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. आमच्या मागील अंगणातील कडुनिंबाविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. रोहिणी नक्षत्र लागल्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या भागात जे वादळ झाले, त्यात या झाडाचे मोठे नुकसान झाले असून ते ठेवावे की काढावे, हे आम्हाला मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी ठरवायचे आहे.

झाड आजोबांनी १९६१ साली लावले, असे आई सांगते. उंची अंदाजे ४५ फूट आहे. जमिनीपासून आठ फुटांवर खोडाचे तीन भाग होतात: एक पूर्वेला शेजारच्या नानांच्या घराकडे, एक सरळ वर आणि एक पश्चिमेला गल्लीवर झुकलेला. वादळात पूर्वेकडील भाग दुबेळक्यातून फाटून नानांच्या गच्चीच्या कठड्यावर आडवा झाला. सुदैवाने गच्चीवर त्या वेळी कोणी नव्हते. तो भाग दुसऱ्या दिवशी कापून उतरवला, परंतु फाटताना त्याने बुंध्याची साल आणि आतील लाकूड खालपर्यंत ओढून नेले, त्यामुळे बुंध्यावर पाच फूट लांबीची उघडी जखम राहिली आहे. उरलेल्या दोन खोडांच्या बेचक्यातही एक उभी भेग दिसते. वाऱ्याची झुळूक आली की तिच्यातून करकर असा बारीक आवाज येतो, आणि तो आवाज ऐकल्यापासून मला रात्री झोप लागत नाही.

घर झाडाच्या उत्तरेला ११ फुटांवर आहे. ते १९५४ सालचे धाब्याचे घर असून भिंती माती-दगडाच्या आहेत. नानांचे दुमजली स्लॅबचे घर २००८ सालचे असून पूर्वेला १४ फुटांवर आहे. पश्चिमेची गल्ली नऊ फुटांवर आहे आणि तिच्यातून शाळेची मुले रोज येतात-जातात.

एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती आमची चूक आहे. २०१९ साली सांडपाण्याचा पाइप टाकताना आम्ही झाड आणि घर यांच्या मधून, बुंध्यापासून सहा फुटांवर, तीन फूट खोल चारी खोदली होती. त्या वेळी मनगटाएवढी दोन मुळे मजुरांनी कुऱ्हाडीने तोडली आणि मी तेथे उभा राहून पाहत होतो. त्याचा झाडाच्या बळावर काही परिणाम होईल, हे माझ्या ध्यानीमनीही आले नाही. शिवाय घराच्या मागील कोपऱ्यात एक तिरपी भेग काही वर्षांपासून आहे, आणि ती निंबाच्या मुळांमुळेच पडली असे नाना म्हणतात.

झाडे तोडणारे दोघे पाहून गेले. दोघांनीही मुळापासून काढण्यास सांगितले, मात्र कारण विचारल्यावर ‘घराजवळ आहे’ यापलीकडे कोणी बोलले नाही. आईचे म्हणणे एकच आहे: “त्या निंबले हात लावू नका रे.” आखाजीला (अक्षय तृतीयेला) माझ्या दोन्ही बहिणी माहेरी येतात आणि त्यांचा झोका पन्नास वर्षे याच झाडाला बांधला जातो. मला झाड वाचवायचे आहे, पण गल्लीतील एखाद्या मुलाच्या जिवावर नाही. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

सेवानिवृत्त उद्यान पर्यवेक्षक (धुळे)

दादा, आपण चारीचा उल्लेख केला हे फार बरे झाले. बहुतेक लोक फक्त डोळ्यांना दिसणारी जखम सांगतात आणि खरे कारण जमिनीखाली राहून जाते. माझ्या मते आपल्यापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकत्र केल्यामुळेच गोंधळ होत आहे. दुबेळके फाटले, हा फांद्यांचा प्रश्न आहे. तेथे जे मोडेल ते एक खोड असेल आणि ते आपण आधीच उतरवून घेऊ शकतो. मुळे तुटली असतील, तर मात्र संपूर्ण झाड बुंध्यासकट आडवे होऊ शकते आणि त्यावर छाटणी हा पुरेसा उपाय राहत नाही. म्हणून आधी मुळे पाहा, जखम नंतर.

झाडाला उभे धरणारी जाड मुळे सोटमुळासारखी खोल गेलेली नसतात. ती जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच आडवी पसरलेली असतात. इमारतीचे काम करताना झाडाभोवती बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येत खोदू नये, असा ब्रिटनमधील मानकाचा दंडक आहे. आपल्याकडच्या दाट वस्तीत तो पाळणे कठीण आहे हे मान्य, परंतु व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत जाड मुळे तोडली गेली असतील, तर झाडाचा आधारच कापला गेला असे समजून तपासणी करावी लागते.

आता काय करावे ते सांगतो. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजा. बुंध्याभोवतीची माती खुरप्याने, हाताने, सावकाश एक फूट खोल मोकळी करा. पहार वापरू नका. चारी बाजूंची जाड मुळे घट्ट आहेत का, तुटलेल्या मुळांची टोके सडून कूज बुंध्याकडे सरकत आहे का, की तुटल्या जागी नवी मुळे फुटली आहेत, ते पाहा. मातीत अर्धचंद्राकृती भेग पडली आहे का, हे पश्चिमेच्या बाजूला विशेष काळजीने पाहा, कारण वादळाचा वारा त्या बाजूने आला आणि मुळे उचकटली असतील तर ती वाऱ्याकडच्या बाजूलाच उचकटतात. बुंध्याशी भूछत्र किंवा टणक, पंख्यासारखी अळंबी आली असेल तर लगेच कळवा. लाकडी हातोडीने बुंधा सगळीकडून ठोकून पाहा. आवाज कोठे भरीव येतो आणि कोठे ढोलासारखा पोकळ येतो, याच्या खडूने खुणा करा.

बेचक्याकडे शिडीवरून नीट पाहा. दोन खोडे इंग्रजी यू अक्षरासारखी रुंद फाकलेली असतील तर जोड सहसा मजबूत असतो. ती अगदी चिकटून वर गेली असतील आणि मध्ये साल आत दडपली गेली असेल, तर तेथे लाकडाला लाकूड कधी जुळलेलेच नसते. तो जोड आज नाही तर उद्या सुटणारच. आणि हे सगळे होईपर्यंत गल्लीच्या बाजूला दोरी बांधून मुलांची वाट बदला. ते काम आजच करा.

केळी उत्पादक (रावेर)

माझा अनुभव कटू आहे, पण सांगतो. आमच्याकडे मे-जूनच्या वादळाने केळीच्या बागा आडव्या होणे हे काही नवीन नाही, त्यामुळे वादळानंतर आमचे सगळे लक्ष बागेकडे असते. चार वर्षांपूर्वी अशाच वादळानंतर गोठ्याशेजारच्या गुलमोहराच्या बुंध्यापासून सात-आठ फुटांवर मातीत बोटभर रुंद भेग मला दिसली होती. उन्हाने पडली असेल असे समजून मी ती पायाने माती लोटून बुजवली. काळ्या जमिनीत त्या दिवसांत भेगा असतातच, पण त्या वेड्यावाकड्या, जाळ्यासारख्या असतात. ही बुंध्याभोवती गोल वळलेली होती, हे मला नंतर आठवले. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला, जमीन लोण्यासारखी मऊ झाली आणि पहाटे, वारा अजिबात नसताना, झाड गोठ्यावर आले. म्हशीचे पारडू गेले. माझा मुलगा त्या गोठ्यात अर्ध्या तासाने धार काढायला जाणार होता.

गुलमोहर आणि निंब यांची बरोबरी होत नाही, हे मला कळते. निंबाचे लाकूड चिवट असते. तरीही झाड ठेवायचे ठरवलेत, तर ते कोणत्या परिस्थितीत काढायचे हे आजच कागदावर लिहून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. मनात माया असली की माणूस प्रत्येक खुणेला दुसरे कारण शोधतो. मी तेच केले होते.

बोरीकाठ (अमळनेर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. रावेरच्या भाऊंचे वाचून त्याच संध्याकाळी गल्लीत दोरी बांधली. दोन दिवस खपून जे पाहिले ते असे.

घेर ११० इंच भरला, म्हणजे व्यास सुमारे ३५ इंच. चारी सहा फुटांवर, म्हणजे व्यासाच्या दुपटीहून थोड्याच अधिक अंतरावर आहे. पश्चिम, दक्षिण आणि पूर्व बाजूंची मुळे बुंध्यापासून फुगवट्यासारखी निघून जमिनीत गेली आहेत, घट्ट आहेत, आणि मातीत गोल भेग कोठेही नाही. उत्तरेकडे तोडलेल्या दोन मुळांपैकी एकाच्या टोकाला गाठ येऊन तिच्यातून करंगळीएवढी आठ-दहा नवी मुळे फुटली आहेत. दुसरे मूळ मात्र दीड फुटापर्यंत कुजले आहे. बोटाने दाबल्यावर ते भिजलेल्या भाकरीसारखे तुटत होते, पण त्यापुढे लाकूड पिवळसर आणि टणक लागले. अळंबी नाही. पोकळ आवाज जखमेच्या आसपासच येतो.

बेचक्यात साल आत दडपलेली आहे, अगदी वर्णन केल्याप्रमाणे. भेग २८ इंच लांब असून वरच्या टोकाला तिच्यात पोस्टकार्ड सहज जाते.

भिंतीची भेग मात्र मी आजवर लक्षपूर्वक पाहिलीच नव्हती. आई म्हणाली की ती उन्हाळ्यात उघडते आणि श्रावणात, कानबाईच्या सणावेळी घर सारवायला घेतले की जवळपास मिटलेली असते. आता तिच्यात एक रुपयाचे नाणे उभे राहते.

स्थापत्य अभियंता (जळगाव)

आपल्या आईंनी सांगितलेली गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची आहे. मूळ भिंतीत घुसून तिला ढकलते, असे आपण समजतो, परंतु तसे क्वचित घडते. आपल्या भागातील काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. उथळ पायाची घरे तिच्याबरोबर दर वर्षी वर-खाली होतात. मोठे झाड उन्हाळ्यात त्या मातीतील ओल आणखी खोलवरून ओढते, म्हणून झाडाकडचा कोपरा जास्त खचतो आणि तिरपी भेग उघडते. पावसाळ्यात माती फुगली की ती मिटते. म्हणजे झाडाचा वाटा आहे, परंतु भेग वर्षानुवर्षे एकाच दिशेने वाढत चाललेली नाही. भेगेवर आडवी पीओपीची पट्टी मारून तिच्यावर तारीख लिहा. पट्टी कधी तडकते ते कळेल. तीच युक्ती झाडाच्या बेचक्यातील भेगेवरही चालते.

याची दुसरी बाजू झाड तोडण्याच्या घाईत कोणी विचारात घेत नाही. मोठे झाड एकदम काढले की त्याने वर्षानुवर्षे सुकवलेली खोलवरची माती पुन्हा पाणी धरते आणि फुगते. झाडाच्या आधी बांधलेल्या घराला त्याचे भय कमी असते, कारण माती साधारण पूर्वीच्या पातळीवर परतते. आपले घर १९५४ चे आणि झाड १९६१ चे आहे. नानांचे घर मात्र झाड भरात असताना, त्याने सुकवलेल्या जमिनीवर उभे राहिले. म्हणून झाड काढल्यावर जोते उचलले जाण्याची शक्यता असेल, तर ती आपल्यापेक्षा त्यांच्या घराला अधिक आहे. त्यांच्या पायाचे खड्डे काळी माती ओलांडून मुरमापर्यंत गेले होते का, एवढे त्यांना विचारा. गेले असतील तर झाड ठेवा किंवा काढा, त्यांच्या कॉलमना काळजी नाही.

आपल्या धाब्याच्या घरासाठी अधिक तातडीची गोष्ट म्हणजे छपराचे आणि मोरीचे पाणी त्या कोपऱ्यात मुरू न देणे. चारीतला पाइप गळत असेल, तर निम्मे दुखणे तेथेच आहे.

सेवानिवृत्त उद्यान पर्यवेक्षक (धुळे)

आपण दिलेली मापे आणि वर्णन यांवरून मी माझे मत स्पष्ट सांगतो: झाड मुळापासून काढण्याचे कारण आज दिसत नाही, परंतु ते आहे तसे ठेवणेही योग्य नाही.

वाऱ्याकडची मुळे शाबूत आहेत. उत्तरेकडचे कुजलेले मूळ चिंतेचे आहे, पण कूज दीड फुटावर थांबलेली दिसते. ॲलेक्स शायगो या अमेरिकी वृक्षतज्ज्ञाने हजारो खोडे उभी चिरून दाखवले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतल्या आत भिंती घालून कोंडते आणि त्याबाहेर नवे लाकूड चढवते. आपल्या निंबाने एका मुळाशी ते केले आहे, दुसऱ्याशी करीत आहे.

पश्चिमेचे खोड मात्र गेले पाहिजे, आणि ते पावसाच्या आधी. साल दडपलेला जोड, त्यात उघडलेली भेग, त्याच्यावर गल्लीकडे झुकलेला भार आणि खाली मुलांची वाट, या चारही गोष्टी एका जागी आल्यावर मी धोका पत्करणार नाही. दोन खोडांना साखळीने आवळून टाकण्याचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका. साखळी सालीत रुतते आणि काही वर्षांत खोडाचा गळा आवळते. आरपार पोलादी दांडा घालण्याची खरी पद्धत आहे, पण वाहत्या रस्त्यावर आधीच फाटलेल्या जोडासाठी मी तिच्यावर विसंबणार नाही.

खोड वरून तुकड्यातुकड्यांनी दोरीने उतरवावे. प्रत्येक जाड तुकड्याला आधी खालून एक तृतीयांश काप, मग थोड्या पुढे वरून काप आणि शेवटी बुडखा साफ करण्याचा काप द्यावा. खालचा काप दिला नाही तर तुकडा पडताना पुन्हा साल ओढून नेईल आणि पूर्वेसारखीच जखम पश्चिमेला होईल. शेवटचा काप खोडाच्या जोडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेर घ्या. तो फुगवटा म्हणजेच झाडाची जखम मिटवण्याची जागा. पूर्वेच्या जखमेवर लोंबणारी साल धारदार चाकूने जिवंत सालीपर्यंत नेऊन साफ करा. आपल्याकडे डाळिंब-लिंबाच्या बागांत बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात, ती लावून मनाला समाधान वाटत असेल तर लावा, पण एवढ्या मोठ्या जखमेतील कूज तिने थांबत नाही. सिमेंट किंवा डांबर मात्र कदापि भरू नका. सिमेंट हलत नाही, झाड हलते, आणि मधल्या फटीत पाणी साचते.

आता एक अडचण मोकळेपणाने मांडतो. एका वर्षात जिवंत डोलाऱ्याचा पाव भागापेक्षा जास्त भाग काढू नये, असा आमचा नियम. आपल्या झाडाचा एक तृतीयांश वादळाने नेला आणि आणखी तेवढाच आपण काढणार आहोत. निंब हे सहन करू शकतो, आपल्या गावोगावी शेळ्यांसाठी ओरबाडलेले निंब पुन्हा फुटतात ते आपण पाहतोच. तरीही मधल्या सरळ खोडाला आत्ता फार हात लावू नका. ते एकटे वाऱ्यात उभे राहणार आहे, म्हणून शेंड्याकडून पाच-सहा फूट, तेही बाजूच्या फांदीपर्यंत मागे घेऊन, हलके करा. पुढची छाटणी माघात, पानगळीच्या वेळी. शेंडा सरसकट सपाट छाटू देऊ नका.

मधल्या खोडाला आठ फुटांवर दोन्ही बाजूंनी जखमा राहणार आहेत. तेथे कूज धरणार, हे गृहीत धरा. बुंध्याच्या भरीव कडेची जाडी त्रिज्येच्या एक तृतीयांशापेक्षा कमी होऊ नये, असा एक ढोबळ आडाखा आहे. आपल्या बाबतीत ती सुमारे सहा इंच होते. सुताराकडून अगदी बारीक गिरमिटाने एकाच ठिकाणी पाहा, भुसा कोरडा येतो तोवर लाकूड चांगले. जास्त भोके पाडू नका, कारण प्रत्येक भोक झाडाने घातलेली भिंत फोडते. उघड्या जखमेच्या बाजूला हा आडाखा पूर्ण लागू पडत नाही, म्हणून केवळ आकड्यावर निर्धास्त होऊ नका.

आणि झोका. आता त्या झाडावर झोका नको. माणसाच्या वजनापेक्षा त्याचा हेलकावा जोडाला ताण देतो.

नगरपालिका क्षेत्रातील वकील (नंदुरबार)

थोडक्यात लिहितो. झाड स्वतःच्या जागेत असले तरी नगरपालिका हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा ठरतो. मोठे खोड उतरवण्यापूर्वीही वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. फाटलेल्या दुबेळक्याचे, गल्लीचे व अंतराच्या मापांचे फोटो जोडा आणि जीविताला धोका असल्याचे स्पष्ट लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष धरले जाते आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे भरपाई म्हणून लावण्याची तरतूद आहे. नानांनाही हे दाखवा. अर्जावर त्यांची सही घेता आली तर उत्तम.

बोरीकाठ (अमळनेर)

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. नानांशी दोन तास बोललो. त्यांच्या कॉलमचे खड्डे सात फुटांवर मुरमाला लागले होते, हे त्यांनी जुनी वही काढून दाखवले. वयाइतकी झाडे लावण्याची तरतूद वाचल्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग अर्जावर सही केली. परवानगी मिळाली असून वीज बंद ठेवण्याची वेळही ठरली आहे. पश्चिमेचे खोड परवा सकाळी सातला उतरवणार. गिरमिटाला सात इंच चांगले लाकूड लागले. चारीतला पाइप खरोखरच सांध्यात गळत होता, तो बदलला.

रावेरच्या भाऊंच्या सांगण्याप्रमाणे कागद लिहिला आहे: मातीत गोल भेग दिसली, बुंध्याशी अळंबी आली, किंवा मधल्या खोडाच्या जोडाजवळ लावलेली पीओपीची पट्टी तडकली, तर त्याच दिवशी वृक्ष अधिकाऱ्याला अर्ज आणि मागच्या दोन खोल्या रिकाम्या. आईने तो वाचून घेतला आणि देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवायला सांगितला. झोक्यासाठी ओट्यावर लोखंडी चौकट बसवायची आहे. त्यासाठी किती जाडीचा पाइप घ्यावा, हे जळगावच्या साहेबांनी सांगितल्यास आखाजीपूर्वी काम होईल.